सायक्लेमेनचं पंचांग

डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या नर्सऱ्यांमध्ये एक बुटकं रोप दिसायला लागतं. हृदयाच्या आकाराची जाडसर पानं, त्यांवर चंदेरी नक्षी आणि पानांच्या वर सरळ देठांवर उभी गुलाबी, पांढरी, किरमिजी फुलं. फुलाचं तोंड जमिनीकडे आणि पाचही पाकळ्या उलटून आभाळाकडे वळलेल्या. नाव विचारलं तर ‘सायक्लेमेन’ असं उत्तर मिळतं आणि सोबत एक सूचना : कडक ऊन लावू नका, पाणी बेतानं घाला. रोप घरी येतं, महिना-दीड महिना फुलतं. फेब्रुवारीत पानं पिवळी पडू लागतात. घरचे घाबरून पाणी वाढवतात. मग कंद मऊ पडतो, कुजका वास सुटतो आणि कुंडी दुसऱ्या झाडासाठी रिकामी होते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत सायक्लेमेनची कथा इथेच संपते.

पानं पिवळी पडली तेव्हा ते रोप मरत नव्हतं, झोपायला निघालं होतं. त्याच वेळी त्याला भरपूर पाणी पाजलं गेलं. सायक्लेमेन नाजूक आहे, लहरी आहे, असा त्याचा लौकिक झालाय तो अशा चुकांमुळे. प्रत्यक्षात ते चिवट झाड आहे. फक्त त्याचं पंचांग आपल्याहून वेगळं आहे, आणि ते त्याच्या मायदेशात ठरलं आहे.

तो मायदेश म्हणजे भूमध्य समुद्राच्या भोवतीचा मुलूख. सायक्लेमेनच्या वीसहून थोड्या अधिक जाती आहेत आणि त्या दक्षिण युरोप, तुर्कस्तान, लेबनॉन, सीरिया, इस्रायल-पॅलेस्टाइन, उत्तर आफ्रिका इथपासून कॅस्पियन समुद्राकाठच्या इराणी जंगलांपर्यंत पसरल्या आहेत. एक जात तर या सगळ्यांपासून फार दूर, सोमालियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत 1980 च्या दशकात सापडली. या पट्ट्यात पाऊस पडतो हिवाळ्यात. जेरुसलेमचं उदाहरण घ्या. तिथे वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. जून ते ऑगस्ट आभाळ कोरडं. म्हणून तिथल्या कंदांनी हिवाळ्यात जगायचं आणि उन्हाळ्यात जमिनीखाली दडून बसायचं असा शिरस्ता पत्करला.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या रानातलं शेवळं हेच करतं, फक्त उलट्या महिन्यांत. दिवाळीनंतर त्याचा कंद मातीखाली गप्प पडून राहतो, आणि वळवाच्या सरी आल्या की पानांआधी फुलाचा कोंब वर येतो, ज्याची भाजी करताना सोबत काकडं घालावी लागतात. सायक्लेमेनची हेडेरिफोलियम ही युरोपात फार आवडती जात अशीच आहे. उन्हाळा सरताना पहिल्या ओलाव्याबरोबर उघड्या जमिनीतून फुलं येतात आणि पानं मागाहून. कळलावीचा कंदही पावसाळा उलटला की झोपतो. जून महिना या आपल्या कंदांसाठी जे करतो, तेच काम सायक्लेमेनसाठी ऑक्टोबर करतो. ज्याला एवढं उमगलं, त्याला सायक्लेमेनची निम्मी देखभाल उमगली.

नर्सरीत मिळणारं रोप ‘सायक्लेमेन पर्सिकम’ या जातीच्या संकरांतलं असतं. 1768 मध्ये फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञानं हे नाव छापलं, पण नावात पर्शिया असलं तरी ही जात इराणची नाही. तिचं रान म्हणजे तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, सायप्रस, लेबनॉन, गॅलिली, कार्मेल डोंगर, जॉर्डन. शिवाय ग्रीसची काही बेटं आणि ट्युनिशिया. चुनखडीच्या खडकांच्या फटींत, ओकच्या झुडपांच्या पडछायेत ती उगवते. खडकाच्या फटीत माती थोडी, पाणी झिरपून जाणारं, दुपारचं ऊन अडवलेलं. कुंडीतल्या रोपाला नेमकं हेच हवं असतं.

रानातलं फूल लहान असतं, पांढरं किंवा फिकट गुलाबी, तळाशी गडद डाग असलेलं, आणि त्याला मंद गोड वास असतो. त्याचं परागीभवन कोण करतं याचा इस्रायलमधल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा मधमाश्यांऐवजी भलताच कीटक पुढे आला. मायक्रोप्टेरिक्स नावाचे, काही मिलिमीटर लांबीचे पतंग फुलात शिरून पराग खातात, तिथेच जोड्या जमवतात आणि जाताना पराग दुसऱ्या फुलावर नेतात. पतंगांच्या अतिप्राचीन कुळांपैकी हे एक. सोंडेनं मध शोषण्याऐवजी ते अजून जबड्यानं पराग चावतात.

फूल फळलं की पुढचा प्रकार आणखी नवलाचा. बहुतेक जातींमध्ये फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वेटोळं घालतो आणि बोंड खाली जमिनीवर आणून ठेवतो. पर्सिकममध्ये मात्र वेटोळं होत नाही, देठ नुसता वाकतो. चार्ल्स डार्विननं 1880 च्या आपल्या वनस्पतींच्या हालचालींवरच्या ग्रंथात या देठाच्या वाकण्याची दखल घेतली आहे. बोंड उकललं की आतल्या बियांवर चिकट गोडसर लेप असतो. मुंग्या त्यासाठी बिया ओढून नेतात, लेप खातात आणि बी बिळाच्या आसपास टाकून देतात. खडकाच्या उभ्या फटीत, जिथे बी उडून जाणं शक्य नाही, तिथे सायक्लेमेन पोचतं ते मुंग्यांमुळे.

या फुलाशी एक मराठी धागाही जोडलेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या गावांतून आणि मुंबईतून बेने इस्रायल या ज्यू समाजाची हजारो माणसं 1948 नंतर इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे वसली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघालं. त्यांच्या नव्या देशात हिवाळ्यात डोंगरउतारांवर सायक्लेमेन फुलतं. हिब्रूत त्याला ‘रकेफेत’ म्हणतात, आणि लेविन किप्निस यांनी मुलांसाठी लिहिलेलं रकेफेतचं गाणं तिथल्या बालवाड्यांत पिढ्यान् पिढ्या म्हटलं जातं. एके काळी लोक सहलीला जात आणि ही फुलं कंदांसकट उपटून आणत. 1960 च्या दशकात रानफुलं तोडण्याविरुद्ध देशभर मोहीम झाली, कायद्याचं संरक्षण आलं, शाळाशाळांतून मुलांना फुलं न तोडण्याची सवय लावली गेली आणि रस्त्याकडेची फुलं पुन्हा जागच्या जागी राहू लागली. आपल्याकडे कासच्या पठारावर ज्यांनी गर्दी पाहिली आहे त्यांनी ही मोहीम मुद्दाम लक्षात ठेवावी. फुलं वाचवायला कुंपणापेक्षा शाळेतली मुलं जास्त उपयोगी पडली.

त्याच डोंगरांवर पॅलेस्टिनी घरांत याच झाडाची कोवळी पानं उकळत्या पाण्यातून काढून, त्यांत तांदळाचं सारण भरून शिजवण्याची जुनी रीत आहे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या ओळख आहे त्यांनीच हे करावं. सायक्लेमेनच्या अंगात, विशेषतः कंदात, सॅपोनिन वर्गातली विषारी द्रव्यं असतात. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवायला हवी. होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानात ‘सायक्लेमेन’ लिहिलेली बाटली असते, ती याच कुळातल्या कंदापासून. पण म्हणून कुंडीतला कंद कुणी घरगुती औषध समजू नये.

रानातल्या या लहानशा फुलाचं बाजारातलं फूल कसं झालं, ती कथा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची आहे. इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्सच्या काचघरांत माळ्यांनी मोठं फूल, रुंद पाकळी, लाल आणि तांबूस-गुलाबी छटा यांच्या मागे लागून पिढ्यामागून पिढ्या निवडल्या. डार्विननं याच जातीवर प्रयोग करून 1876 मध्ये दाखवून दिलं होतं, की वेगळ्या रोपाचा पराग मिळालेली फुलं स्वतःच्याच परागावर फळलेल्या फुलांपेक्षा कितीतरी जास्त बिया धरतात आणि त्यांची रोपंही जोमदार होतात. आजचं संकरित बियाणं याच तत्त्वावर तयार होतं. फुलाफुलाला हातानं पराग लावावा लागतो, म्हणून ते महाग असतं. दक्षिण फ्रान्सच्या फ्रेजुस गावातल्या मोरेल घराण्यानं तर अनेक दशकं फक्त सायक्लेमेनच्या पैदाशीलाच वाहून घेतलं आहे.

या निवडीत फूल मोठं झालं आणि वास गेला. मोठ्या फुलाच्या जातींमध्ये गंध जवळजवळ उरलाच नाही. याची चुटपुट जगात सर्वांत जास्त लागली ती जपानला. 1975 साली तिथे सायक्लेमेनच्या सुगंधावरचं एक गाणं अफाट लोकप्रिय झालं. अकिरा फुसे यांनी ते गायलं, केइ ओगुरा या बँकेत नोकरी करणाऱ्या गीतकारानं लिहिलं, आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला. लोक फुलांच्या दुकानात जाऊन कुंडी नाकाशी नेऊ लागले. वास नव्हताच. पुढे टोकियोशेजारच्या साइतामा प्रांतातल्या सरकारी संशोधकांनी पर्सिकमचा संकर आल्प्सच्या परिसरातल्या सुगंधी ‘पर्पुरासेन्स’ जातीशी करायचं मनावर घेतलं. या दोन जातींचा संकर टिकत नाही, गर्भ बोंडातच मरतो. त्यांनी तो कोवळा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवला, मग वांझ रोपांची गुणसूत्रं दुप्पट करून त्यांना फळतं केलं. आज जपानमध्ये खरोखर सुगंधी सायक्लेमेन विकत मिळतं. एका गाण्यानं केलेली मागणी प्रयोगशाळेनं पुरी केली, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं खपणाऱ्या त्या संशोधकांचं कौतुक गायकाइतकंच व्हायला हवं.

जपानी माळ्यांकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. वर्षअखेरीस भेट द्यायची म्हणून तिथे सायक्लेमेनची मोठी लागवड होते. भेटीचं झाड गोल, भरगच्च आणि मधोमध फुलांचा तुरा असलेलं हवं. ते आपोआप होत नाही. रोप वाढत असताना माळी एकेक पान हातानं धरून अलगद बाहेरच्या बाजूला ओढतात आणि खालच्या पानाखाली अडकवतात. मधला भाग उघडा होतो, कंदाच्या माथ्यावर उजेड पोचतो आणि तिथल्या दबलेल्या कळ्या वर येतात. या कामाला ‘हागुमी’ म्हणतात. घरी एखादी कुंडी असेल तर आठवड्यातून एकदा पाच मिनिटांत हे करता येतं. फुलांची संख्या वाढवायला खतापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, कारण कळी तयार असते, अडलेलं असतं ते उजेडाशी.

आता पाण्याचं. सायक्लेमेन कोमेजून मरतं त्यापेक्षा कुजून जास्त मरतं. कंदाचा माथा म्हणजे पानं आणि कळ्या जिथून फुटतात ती जागा. तिथे पाणी साचलं की करडी बुरशी धरते. म्हणून झारीनं वरून पाणी घालू नये. कुंडी पाण्यानं भरलेल्या बशीत पंधरा-वीस मिनिटं ठेवावी, माती खालून ओल ओढून घेते. मग बशीतलं उरलेलं पाणी ओतून टाकावं. पुन्हा पाणी केव्हा द्यायचं हे वार बघून ठरवू नये. कुंडी उचलून बघावी. हलकी लागली आणि मातीचा वरचा थर कोरडा झाला की द्यावं. पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबलं तरी झाड सावरतं, पण चिखलात बसलेला कंद सावरत नाही.

पिवळं पान किंवा सुकलेलं फूल कात्रीनं कापायचं नसतं. देठ बुडाशी धरून पिळायचा आणि झटक्यानं ओढायचा, तो कंदापासून स्वच्छ सुटून येतो. कापलेला खुंट राहिला तर तो कुजतो आणि कुज कंदात उतरते. नवशिक्याला हे निर्दय वाटतं, पण झाडाच्या भल्याचं हेच.

माती भुसभुशीत हवी. कोकोपीट, चांगलं कुजलेलं पानखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी परलाइट किंवा जाड वाळू असं मिश्रण चालतं. पर्सिकमचा कंद पुरता गाडू नये. वरचा तिसरा हिस्सा ते निम्मा कंद मातीच्या वर राहू द्यावा. फुलाच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पोटॅश जास्त आणि नत्र कमी असलेलं पातळ खत पुरतं. नत्र वाढलं की पानं माजतात, फुलं मागे पडतात आणि अंग मऊ होऊन बुरशीला आमंत्रण मिळतं. रोगांमध्ये फ्युजेरियम बुरशीचा ‘मर’ सर्वांत वाईट. एकेका बाजूची पानं पिवळी पडत रोप बसतं आणि कंद कापला तर आत तपकिरी रेषा दिसतात. असं रोप मातीसकट टाकून द्यावं, ती माती पुन्हा वापरू नये. कळ्या वेड्यावाकड्या, कोवळी पानं आखडलेली दिसली तर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याचा उपद्रव. हा कोळी स्ट्रॉबेरीवरही पडतो, म्हणून स्ट्रॉबेरीच्या वाफ्याजवळ असं आजारी रोप ठेवू नये.

खरा प्रश्न तापमानाचा. सायक्लेमेनला रात्री दहा ते तेरा अंश आणि दिवसा अठरा-वीसच्या आतबाहेर हवा मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री त्या घरात येतात, निफाडकडे तर त्याहून खाली जातात, पण दुपार अठ्ठावीस-तिसापर्यंत चढते. या दुपारीच झाड थकतं. उपाय जागेचा आहे. उत्तरेची किंवा कोवळं ऊन येणारी पूर्वेची खिडकी, फरशीजवळची गार जागा, रात्री उघड्या गच्चीत. टीव्हीशेजारी, बंद दिवाणखान्यात रोप आठवडाभरात लांबुडकं होतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत हवा दमट आणि रात्रीही उबदार, तिथे सायक्लेमेन पंधरा-वीस दिवसांच्या फुलांसाठी घ्यावं, त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. महाबळेश्वरचा हिवाळा त्याला उत्तम, पण तिथला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नेमका कंदाच्या झोपेच्या महिन्यांत कोसळतो.

ही झोप सांभाळणं हेच महाराष्ट्रातलं सर्वांत कठीण काम. भूमध्य मुलखात कंद कोरड्या उन्हाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याच महिन्यांत हवा ओलीचिंब असते. पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करत मार्चपर्यंत थांबवावं. पानं गळून पडली की कुंडी आडवी करून घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या आणि वारा खेळणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. पावसाची झड आत येणार नाही अशीच जागा हवी. महिन्यातून एखाद्या वेळी कुंडीच्या काठाला किंचित ओल दिली तर कंद सुकून लाकूड होत नाही. नवरात्राच्या सुमारास, रात्री उतरू लागल्या की कंद दाबून बघावा. घट्ट असेल तर जुनी माती झटकून नव्या मिश्रणात बसवावा आणि बशीतून पाणी सुरू करावं. मऊ असेल तर तो गेला. चार कंद ठेवले आणि दोन जागे झाले तर ते आपल्या हवेत चांगलं यश मानावं.

बियांपासून रोप करणाऱ्यांसाठी थोडं. कंदाला पिल्लं फुटत नाहीत, आणि कापून वाटला तर बहुधा कुजतो. म्हणून नवं रोप हवं तर बी. बी एक दिवस पाण्यात भिजवून, ओलसर मिश्रणात पेरून, पूर्ण अंधारात पंधरा ते अठरा अंशांत ठेवायचं. हवा विसाच्या वर गेली की उगवण मंदावते. महिना-दीड महिन्यानं जे दिसतं ते एकच पान असतं, आणि त्याच्याखाली तोवर मोहरीएवढा कंद धरलेला असतो. आधी साठवण, मग पसारा, असा या झाडाचा स्वभाव पहिल्या दिवसापासून दिसतो. फुलं यायला संकरित लहान जातींना आठ-दहा महिने, जुन्या मोठ्या जातींना सव्वा-दीड वर्ष लागतं.

लंडन, म्युनिक, अॅम्स्टरडॅमकडच्या मराठी वाचकांना हे सगळं सोपं आहे. दिवाळीच्या दिवसांत तिथल्या बाजारात कुंड्या आलेल्या असतात. मात्र हीटर लावलेल्या खोलीत त्या लवकर थकतात. गार व्हरांड्यात किंवा खिडकीच्या थंड कोपऱ्यात महिनोन् महिने फुलतात. अंगणात लावायचं असेल तर पर्सिकम नको, ते कडाक्याच्या गारठ्यात टिकत नाही. शरदात फुलणारं हेडेरिफोलियम आणि जानेवारी ते मार्च बर्फातूनही डोकं काढणारं ‘कोउम’ या दोन जाती झाडांच्या सावलीत कायमच्या राहतात. हेडेरिफोलियमच्या कंदाला मुळं वरच्या अंगाला आणि बाजूंनी फुटतात, कोउमला खालून. म्हणून पहिला जरा खोल लावायचा आणि दुसरा वरवर. नीट लागला तर हेडेरिफोलियमचा कंद अनेक दशकं जगतो आणि ताटाएवढा होतो.

या बागांची एक दुसरी बाजू आहे. 1970-80 च्या दशकांत युरोपच्या बागांसाठी तुर्कस्तानच्या डोंगरांतून जंगली सायक्लेमेनचे कंद दरवर्षी लाखांनी खणून नेले गेले. वाळवलेले, मुळं तुटलेले ते कंद लावल्यावर बरेचसे उगवतच नसत, म्हणून पुन्हा नवे खणले जात. 1975 पासून सायक्लेमेनच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. बागेत तयार झालेल्या पर्सिकम संकरांच्या वाढत्या रोपांना यातून सूट आहे. झोपलेल्या सुट्या कंदांना ती नाही. पुढे 1990 च्या दशकात टॉरस पर्वतातल्या काही गावांत रानातले कंद विकण्याऐवजी शेतात कंदफुलं वाढवून विकण्याचे प्रकल्प सुरू झाले आणि गावकऱ्यांना तेच उत्पन्न रान न ओरबाडता मिळू लागलं.

सायक्लेमेन घ्यायचं असेल तर डिसेंबरच्या उत्तरार्धात घ्या. मोठ्या फुलाच्या रोपापेक्षा लहान फुलांचं, पानांखाली भरपूर कळ्या असलेलं रोप निवडा. ते आपल्या दुपारी अधिक सोसतं, आणि लहान फुलांच्या काही जातींत थोडा वासही टिकला आहे. कुंडीतलं, पानाफुलांसह वाढतं रोप किंवा पाकिटातलं बी, एवढंच विकत घ्या. कुणी वाळका सुटा कंद स्वस्तात देऊ केला, तर तो कुठल्या शेतात वाढला ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.